न भाजलेला राब

लोणावळा, ४ एप्रिल २०२४

पान फाटलं नाही, टाचणीच तुटली. अर्धी बोटात राहिली, अर्धी कागदात. गंजाचा डाग पडला आहे, पण अक्षरं वाचता येतात. निळी शाई. शिरोरेघा पट्टीने ओढलेल्या.

प्रतीक्षा, मी ज्योत्स्ना. मी तुमच्या शाळेत शिकवत नव्हते, तरी तुम्ही मुलं मला बाई म्हणायचा. लोणावळ्याच्या शेतकी केंद्राकडून मी तुमच्या वाडीत राबाच्या प्रयोगासाठी यायचे. मळवली स्टेशनला उतरून भाजे गावाच्या अलीकडून चालत. तुला आठवत असेन. नसेन तर बरं, पण असेन.

आज कपाट रिकामं करत होते. पवनानगरच्या बाजूला मोठा प्रकल्प सुरू होतो आहे आणि वरून मूळ नोंदी मागितल्या आहेत. अहवाल नको, मुलांच्या हातच्या वह्या हव्यात. तुझी वही सापडली. तपकिरी कव्हर, वर तुझं नाव, इयत्ता पाचवी. पानांवर तूच आकडे घातले होतेस, एक ते एकतीस. अठरानंतर वीस येतं. एकोणिसावं पान वहीत नव्हतं. ते माझ्या स्वतःच्या पाकिटात होतं, दुसऱ्या कागदाला टाचलेलं.

प्रयोग काय होता ते तेव्हा तुला अर्धंच सांगितलं होतं. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवतात तो राब. उन्हाळ्यात त्यावर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवायचं आणि पाऊस लागला की त्या भाजलेल्या मातीत बी टाकायचं, ही सगळ्या मावळाची रीत. धूर होतो, डोंगरावरची झाडं दरवर्षी खरवडली जातात. केंद्राचं म्हणणं होतं की न भाजताही रोपं येतात, मातीचा उंच गादीवाफा करावा. वाडीत एकच माणूस तयार झालं, तुझी आई. मोजमाप शाळेतल्या मुलांनी करायचं ठरलं. त्यामुळे शेती, पर्यावरण आणि शिक्षण हे तिन्ही एकाच अहवालात बसत होतं.

तुला मी पंधरा सेंटीमीटरची पट्टी दिली होती. पुढे ती पुरणार नाही म्हणून तीसची दिली. म्हटलं होतं, दिसेल ते लिही, वाटेल ते लिहू नको.

एकोणिसाव्या पानावरची नोंद मला तेव्हा चुकीची वाटली. रोपं दोन दिवसांत इतकी वाढत नाहीत. मुलं कधीकधी मनचं लिहितात. म्हणून मी पान बाजूला काढलं. त्यानंतर वर्गात जे बोलले ते बोलायला नको होतं. तेवढ्यासाठी हे पत्र.

पान हवं असेल तर पाठवते. खाली माझा नंबर दिला आहे. मी फोन करत नाही. फोन तू ठेवून देशील. पत्र फाडायला निदान हातात घ्यावं लागतं. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून आईच्या पत्त्यावर पाठवते आहे.

ज्योत्स्ना


कुसगाव, १४ एप्रिल

आज विहारात जयंतीचा कार्यक्रम होता. दरवर्षी मला बोलायला उभं करतात. कुसगावची पहिली मुलगी, शेतकीची पदवी, बाप रेल्वेत घाटात गँगमन. 'मुलांना अभ्यासाविषयी चार शब्द सांगा, ताई.' पहिल्या रांगेत एक मुलगी मी बोलत होते ते वहीत उतरवून घेत होती. मी तिसऱ्या वाक्याला आभार मानले आणि खाली बसले.

काल वाडीत गेले होते. तुमच्या शेजारच्या जानूआबांच्या राबाच्या जागेवर आता शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या लावतात. तुमचं भातखाचर आहे तसंच आहे.

तुझी आई दारात तांदूळ निवडत होती.

"तुमी? वाट चुकला का काय?"

"नाही, आक्काबाई. मुद्दाम आले."

"पत्र आलंय तुमचं. मी फोडलं न्हाई, तिच्या नावाचं हाय. पुढं धाडलं."

मी विचारलं, कशी आहे.

"रांजनगावला हाय. कंपनीत. मोजायचंच काम हाय तिला. लोखंडाचं तुकडं मोजती दिसभर. केसाएवढा फरक आला तरी बाजूला टाकती म्हनं."

"बरं आहे ना पण?"

"मोजनाऱ्याला बरं काय आन वाईट काय. चा घेनार?"

चहा झाल्यावर मी पान काढलं नाही. पर्समध्ये होतं, पण काढलं नाही. फक्त विचारलं, "तेव्हा मला का सांगितलं नाहीत तुम्ही?"

काय ते त्यांनी विचारलं नाही. सुपातले खडे बाहेर टाकले.

"रोपाचं नाव काढत न्हाईत, बाई. दुसऱ्याच्या राबातलं आनलं तर देनारा बोलत न्हाई, घेनारा बोलत न्हाई. बोललं की दाना भरत न्हाई. आमची सासू सांगायची, तिची सासू सांगायची."

"मी बाहेरची होते. मला सांगितलं असतंत तर—"

"बाहेरची कशी? आपल्यातलीच की." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्यातली पोर शिकून सायब हून आली. पैलंच साल. तिचा राब गवतानं खाल्ला असं गावानं म्हनावं व्हय? लोक आदीच म्हनत हुते, ही काय शेती शिकिवनार. मी जानूभाऊला म्हनलं, दोन गुंठ्याची रोपं द्या. त्यानं कशाला म्हनून इचारलं न्हाई. हितं कुनी इचारत न्हाई."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"पोरीनं लिवलं," त्या म्हणाल्या. "तुमीच शिकिवलंत, दिसंल ते लिव. मी रागावले तिला. तुमी वर्गात, मी घरात. मंग पोरीला उभं ऱ्हायला जागाच कुटं ऱ्हायली?"

निघताना त्यांनी तुझा पत्ता एका बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर लिहून दिला. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतला. हे पत्र त्या पत्त्यावर येतं आहे.

वर्गात काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मी लिहायला हवं, कारण आजवर मी ते कुठेच लिहिलेलं नाही. वडगावच्या विज्ञान प्रदर्शनात तुझी वही जायची होती. तू आणि वही दोघी. आदल्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर म्हणाले, प्रतीक्षाने एक नोंद खोटी केली आहे. नोंद करणाऱ्याने स्वप्नं बघायची नसतात. मुलं हसली. मी हसू दिलं. मग तुझ्याऐवजी वर्गातल्या अमृतला पाठवलं, त्याच्या वहीत पाऊस सोडून काहीच नव्हतं. त्यानंतर महिनाभर मी येता-जाता ऐकत होते, "ए सपने, आज किती सेंटीमीटर?" तू पट्टी मला परत दिलीस. हातात दिली नाहीस. टेबलावर ठेवलीस, कडेला समांतर.

खरं काय ते मला पुढे ऑगस्टमध्ये कळलं. भाजे फाट्यावर चहा पिताना जानूआबांनीच सांगितलं. तोपर्यंत अहवालाचा मसुदा गेला होता. ते पान परत लावणं अवघड होतं. जानूआबा आता नाहीत. दोन वर्षं झाली.

हे सगळं मागचं झालं. मी सबब देत नाही.

ज्योत्स्ना


लोणावळा, २३ एप्रिल

तुझा मेसेज परवा आला. 'पानावर काय आहे ते लिहून पाठवा. शब्द न् शब्द.' नाव नव्हतं, पण दुसरं कोण असणार.

लिहिते. आधी शनिवारचं सांगते, कारण शनिवारपासून हे तुझ्या-माझ्यातलं राहिलेलं नाही.

पवनानगरला बैठक होती. धरणाच्या काठच्या चार वाड्या, चौसष्ट शेतकरी. यंदा त्या चार वाड्यांत एकही राब पेटणार नाही, अशी योजना आहे. सगळ्यांनी एकदम, एकाच हंगामात, म्हणजे गाव धूरमुक्त म्हणून जाहीर करता येतं. आधार त्या प्रयोगाच्या अहवालावरून छापलेली माझी पुस्तिका. तिच्या सातव्या पानावर तुमच्या खाचराचा फोटो आहे. खाली लिहिलं आहे: न भाजलेल्या राबातील रोपे, उंची चोवीस सेंटीमीटर. जादा बेणणीची, म्हणजे गवत काढण्याची, गरज नाही.

आमचे संचालक प्रदीप सर बोलले. चांगलं बोलतात. मग निवृत्ती नावाचे एक शेतकरी उठले.

"धूर न्हाई म्हंजे डोळ्यास्नी बरं. पन गवताचं काय? राब भाजतो ते गवताचं बी मरावं म्हनून."

"जादा बेणणी लागत नाही, प्रयोगात सिद्ध झालंय," सर म्हणाले.

"कुनाच्या रानात न्हाई लागली?" मागून एक बाई म्हणाली. खतीजाबाई मुलाणी, काठालाच त्यांचं खाचर आहे. "त्या रानाचा पत्ता द्या, मी तितंच ऱ्हायला जाते."

सगळे हसले. मीही हसले. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"हसू नका. सायेब, मला एक सांगा. समद्यांनीच न्हाई भाजला आन रोपं गेली, तर आनायची कुनाकडनं?"

हसणं थांबलं. माणसं जमिनीकडे बघू लागली. प्रदीप सरांना कळेना काय झालं.

"खतीजा," निवृत्ती हळू आवाजात म्हणाले, "असलं बोलत्यात व्हय?"

"बोलावं लागतंय आता. आजवर बोलायची पाळी आली न्हाई. का, तर कुनाचा ना कुनाचा राब भाजल्याला असायचाच."

सर म्हणाले, "ताई, शंका लेखी द्या."

"रोपाचं लेखी!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा सगळे हसले. या वेळी सुटल्यासारखे.

तेरा वर्षं ती पुस्तिका गावोगाव जाते आहे. दर गावात दोघं-चौघं करून बघतात. दरवर्षी आम्ही विचारायला जातो, लावणी झाली का? झाली, म्हणतात. रोपं कुठून आली, असा रकाना आमच्या तक्त्यात नाही. तो मी घातला नाही. आतापर्यंत किती जणांचा राब गवताने खाल्ला आणि किती जणांनी शेजारून रोपांच्या जुड्या आणल्या, हे कुणाला माहीत नाही. दोघं-चौघं होते तोवर चालून गेलं. चौसष्टच्या चौसष्ट असले तर शेजार उरत नाही. त्यांचं जुलैत लावायला काही नसेल. वर्षाचं खायचं भात तेच.

सोमवारी, २९ तारखेला सकाळी सगळ्यांनी जमून शपथ घ्यायची आहे. राब भाजायचे ते आता, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. फांद्या आणि पाला अजून बांधावर पडून आहे. शपथेनंतर तो खताच्या खड्ड्यात टाकणार. मग भाजायचं म्हटलं तरी पाला नसेल.

म्हणजे सांगायचं तर आता.

पान असं आहे.

'दि. ९ जुलै २०११. वार शनिवार. पाऊस रिमझिम. सकाळची शाळा म्हणून आधी मोजले.
आमच्या राबातील रोपांची उंची साडेनऊ सेंमी. गवताची उंची चौदा सेंमी. रोपे पिवळी आहेत. गवत हिरवे आहे.
आई व जानूआबा यांनी जानूआबांच्या राबातून रोपे उपटून आणली. बावीस जुड्या. मी मोजल्या. त्यांची उंची चोवीस सेंमी. त्यांचा राब भाजलेला आहे.
ती रोपे आमच्या खाचरात लावली. आमची रोपे बांधावर टाकली.'

एवढं आहे. यात एकही चूक नाही. तेरा वर्षांत केंद्राकडे आलेली ही सर्वांत चांगली नोंद आहे, असं मी आज म्हणू शकते. गवत रोपांच्या वर साडेचार सेंटीमीटर गेलं होतं, हे दुसऱ्या कुणीच लिहिलं नाही. ते छापलं असतं तर लोकांना कळलं असतं की न भाजता राब करायचा तर दोनदा बेणावं लागेल, बेणणी बायांच्या वाट्याला येईल, आणि तेवढे हात घरात असतील तरच करावा. ज्यांच्या घरात हात होते त्यांनी केला असता. वाईट कल्पना नव्हती ती. तुझं पान काढल्यामुळे ती खोटी झाली.

ज्योत्स्ना


कुसगाव, २८ एप्रिल

'शेवटची ओळ राहिली.'

एवढाच मेसेज. मी तो शुक्रवारी संध्याकाळी वाचला, काल पुन्हा वाचला. तुला आठवत नसेल म्हणून तू विचारलंस असं मी समजले होते. तुला सगळं आठवत होतं. मी काय लिहिते ते तू बघत होतीस.

लिहिते.

'बाई वरच्या बांधावर छत्री घेऊन उभ्या होत्या. मी हात केला. त्या परत गेल्या.'

जानूआबा माझ्याशी भाजे फाट्यावर कधीच काही बोलले नाहीत. देणारा बोलत नाही, हे तुझ्या आईचं वाक्य मी त्याच पत्रात लिहिलं आणि त्याच पत्रात जानूआबांना बोलायला लावलं. तू तिथेच थांबली असशील.

त्या दिवशी मी पहिल्या लोकलने आले होते. रोपांची काळजी होती म्हणून लवकर आले. गुरुवारीच गवत दिसलं होतं. वरच्या बांधावर आले तेव्हा जानूआबा जुड्या डोक्यावरून उतरवत होते आणि तुझी आई कमरेत वाकून लावत होती. तू इरलं घेऊन कडेला बसली होतीस, मांडीवर वही. तू वर बघितलंस. हात केलास. मला अजून दिसतो तो हात. पट्टी त्याच हातात होती.

मी वळले. मळवलीपर्यंत चालत गेले. स्टेशनच्या बाकावर दोन तास बसले. साडेदहाला पुन्हा आले, आत्ताच उतरल्यासारखी. तुझी आई म्हणाली, "बघा बाई, लावणी उरकली." मी म्हणाले, "वा, छान आलीत रोपं." फोटो काढला. तोच सातव्या पानावर आहे.

माझा करार अकरा महिन्यांचा होता आणि जुलैअखेर संपत होता. प्रयोग यशस्वी झाला तर पद कायम होणार होतं. हे कारण आहे. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, मिळालं नाही. वडील निवृत्त झाले होते आणि घर माझ्यावर होतं, असं लिहिता येईल. ते खरं आहे. पण त्या बांधावर मी वडिलांचा विचार करत नव्हते. मला कुणी बघितलं का, याचा करत होते.

वही हातात आली तेव्हा रोपांची ओळ वाचून मी घाबरले नाही. बावीस जुड्या म्हणजे मुलीचा गोंधळ, असं म्हणता आलं असतं. शेवटची ओळ वाचून घाबरले. पान त्या ओळीसाठी फाडलं. आणि ती ओळ खोटी ठरावी म्हणून तुला खोटं ठरवलं. तू अकरा वर्षांची होतीस. तू कुठे जाऊन सांगणार होतीस, आणि कुणाला? तरी मी ते वर्गात केलं, सगळ्यांसमोर, म्हणजे पुढे कधी तू सांगितलंस तर मुलं आधीच हसलेली असतील.

तुझ्या आईने माझी लाज झाकायला रोपं आणली. ते मला आता कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, ती स्वतःची झाकते आहे.

शुक्रवारी दुपारी प्रदीप सरांना सगळं सांगितलं. ओळीसकट नाही. रोपं बदलली होती, एवढंच.

ते म्हणाले, "तेरा वर्षांनी?"

"हो."

"तेरा वर्षांत एक तक्रार दाखवा."

"तक्रार कोण करेल, सर? रोपं शेजाऱ्याकडून येतात. त्याबद्दल बोलत नाहीत."

"म्हणजे पुरावा नाही."

"एक पान आहे."

"पाचवीतल्या मुलीचं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वाईट माणूस नाही. "ज्योत्स्नाताई, सोमवारी पाहुणे येतायत. तुम्ही अंगात बरं नाही म्हणून घरी राहिलात तरी चालेल. शपथ होऊ दे. मग हळूहळू सुधारित आवृत्ती काढू. दोन बेणण्या घालू त्यात."

"तोपर्यंत पाला खड्ड्यात गेलेला असेल."

"तुमची नोकरी वीसेक वर्षं राहिलीय ना अजून?"

"अठरा."

"मग?"

मी बाहेर आले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला घरी राहावंसं वाटलं. संध्याकाळी तुझा मेसेज आला.

उद्या सकाळी साडेसातला मी पवनानगरच्या जीपमध्ये बसणार आहे. पान घेऊन. वाचून दाखवीन. तिथेही शेवटची ओळ गाळायचा मोह होईल, हे मला माहीत आहे. ती गाळली तरी खतीजाबाईंना हवं ते उत्तर मिळतं. चौसष्ट राब वाचतात. माझा त्यात काही भागच नाही, मीही फसले, असं होतं. तू मेसेज केला नसतास तर मी तसंच केलं असतं.

तू माफ करावंस असं मी लिहिणार नाही. त्यासाठी तुला पुन्हा माझ्याकडे बघून हात करावा लागेल. तो तू एकदा केला आहेस.

हे पत्र आज टाकत नाही. उद्याचं खाली लिहीन आणि मग टाकीन.

ज्योत्स्ना


पवनानगर, २९ एप्रिल

सकाळी पावणेनऊला सभा सुरू झाली. प्रास्ताविकानंतर मी उठले आणि पान वाचलं. शेवटच्या ओळीसकट. वाचताना मध्ये थांबले नाही.

मग खतीजाबाईंनी विचारलं, "ही पोर कुटं असती?" मी सांगितलं, रांजणगावला. त्या म्हणाल्या, "बरं." पदर खोचला आणि निघाल्या. त्यांच्यामागे निवृत्ती, मग बाकीचे. शपथ झाली नाही.

प्रदीप सरांनी माझ्याकडून कपाटाची किल्ली घेतली. उद्यापासून येऊ नका, पुढचं लेखी कळवू, म्हणाले.

अकरा वाजता धरणाच्या काठाला सात ठिकाणी धूर होता. मी मोजला.

पान सोबत जोडलं आहे. टाचणी नवी आहे.